वत्सला कशी वाचली

अंजनीच्या उजव्या हाताचा अंगठा हट्टाला पेटला आणि वाकेचना. लग्न होऊन निपाणीत आल्यापासून ती विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं. पान उचलायचं, चिमूट पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा मारायचा. बोटांना हे इतकं पाठ झालं होतं की तोंडानं जोराचं भांडण चाललं असलं तरी विडी कधी वाकडी व्हायची नाही. आणि आता हा अंगठा! दवाखान्यातल्या बाईंनी तो दाबून, ओढून बघितला आणि सांगितलं, "आता विड्या बंद."

तिचा नवरा शामू तंबाखूच्या वखारीत हमाल होता. तो म्हणाला, "बस की निवांत. जन्मभर वळलीस."

पण निवांत बसणं अंजनीला जमणारं नव्हतं. त्यातून गल्लीतल्या बायका विड्या वळायला तिच्याच घराच्या पुढच्या सोप्यात बसायच्या, कारण तिथं दुपारचं ऊन येत नसे. सगळ्यांचे हात चाललेले आणि हिचे रिकामे. घरच्या लग्नात कुणी काम न सांगितलेल्या आत्यासारखी ती कोपऱ्यात अवघडून बसून राही.

शेवटी मालुबाईनंच तोंड उघडलं. मालुबाई सगळ्यांत वयानं मोठी, आवाजानंही मोठी. शाळेचं तोंड न बघितलेली, पण जगातल्या एकाही गोष्टीबद्दल जिचं मत नाही असं व्हायचं नाही. ती म्हणाली, "अंजने, तू नववी शिकल्याली न्हवं? मग काय तरी वाच की मोठ्यानं. नुसती आमच्या हाताकडं बघत बसतीस. नजर लागंल विडीला."

अंजनीनं आधी पेपर वाचला. पेपर लगेच संपायचा आणि त्यात सगळी भांडणंच असायची. मग ती बाजारपेठेमागच्या वाचनालयात गेली. तिथल्या ग्रंथपालांनी जे हाताला लागलं ते दिलं, आणि असं त्या सोप्यात पहिलं पुस्तक आलं, ते देवमाशांचं.

"निळ्या देवमाशाचं काळीज छोट्या मोटारीएवढं असतं," अंजनीनं वाचलं.

मालुबाईनं हातातली विडी सुपात ठेवली. "कशाएवढं?"

"मोटारीएवढं."

"गप बस. नारळाएवढं म्हटलं असतंस तर मानलं असतं. लई तर कलिंगडाएवढं."

देवमाशाचं पिल्लू दिवसाला दोनशे लिटर दूध पितं, हे ऐकल्यावर तर स्वरूपाला हसू आवरेना. स्वरूपा ही शेजारच्या घरातली सून, हुक्केरीकडची, कन्नड शाळेत शिकलेली. तिच्या सासऱ्याकडं दोन म्हशी होत्या. "मामांना सांगते," ती म्हणाली, "म्हशी विका, मासा बांधा दारात." मालुबाईनं निकाल दिला, "ह्ये लिवणारा समुद्रावर गेल्यालाच न्हाय. घरात बसून लिवलंय सगळं. खोटं पुस्तक."

पुस्तकं येत गेली, मतं पडत गेली. एक माणूस एकटाच बर्फाच्या डोंगरावर चढला होता, त्याच्या पुस्तकावर जयाबाईचं मत पडलं. जयाबाई गल्लीच्या टोकाला राहायची आणि तिचे डोळे कायम भरायच्या बेतात असायचे. ती म्हणाली, "खाली त्याच्या आईला काय वाटत असंल, त्ये एका पानात तरी लिवायचं हुतं." मग एक पुस्तक आलं, यशस्वी कसं व्हावं ते सांगणारं. पहाटे उठा, गार पाण्यानं अंघोळ करा, दिवसभराचं काम आधी ठरवा, आळस करू नका. मालुबाईनं ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्ये सगळं मी लगीन झाल्यापासनं करतीया. मग मी यशस्वी कवा झाले, त्ये कुठल्या पानावर हाय बघ जरा."

अशी मजा चालली होती. बिघडलं ते पित्ताच्या पुस्तकापासून. ते एका डॉक्टरांनी लिहिलं होतं. मालुबाईला पित्ताचा त्रास, म्हणून ती कान टवकारून बसली होती. अंजनीनं वाचलं, "चहा सोडावा." आणि सहज मान वर केली. मालुबाईचा चेहरा असा पडला होता की जणू डॉक्टरांनी तिला माहेर सोडायला सांगितलं. अंजनीची जीभ आपोआप पुढं गेली, "सोडावा... बशीत. आणि निवल्यावर प्यावा."

"ह्यो डॉक्टर शाना हाय," मालुबाई खूश होऊन म्हणाली.

अंजनीला त्या रात्री जेवताना मध्येच हसू फुटलं. शामूनं विचारलं तर सांगेना. पोटात गुदगुल्या होत होत्या. अंगठा वाकत नव्हता, पण जीभ काय सफाईनं वळली होती!

मग खुनाचं पुस्तक आलं. एका बंगल्यात म्हातारा मालक मेलेला सापडतो आणि घरातल्या सगळ्यांवर संशय येतो. पुढचं वाचून ठेवायची अंजनीला सवय होती. तिनं बघितलं तर खुनी निघाली घरातली स्वयंपाकीणबाई. आता आली का पंचाईत! त्या बाईवर सगळ्यांचा जीव जडला होता. बंगल्यात ज्याला त्याला वेळेवर गरम जेवण मिळतंय आणि हिला सुट्टी कधी मिळते ते लिहिलेलंच नाही, म्हणून जयाबाई रोज हळहळायची. त्या माउलीला पोलिसांच्या ताब्यात द्यायला अंजनीचं मन होईना. तिनं म्हाताऱ्याच्या वकील भाच्याच्या बुटाला चिखल लावला, त्याच्या खिशातून विषाची पुडी काढली आणि तुरुंगात टाकलं त्यालाच. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालुबाई म्हणाली, "मी पयल्याच दिशी म्हटलतं, त्यो भाचा बरा न्हाय."

आणि त्यानंतर आली वत्सला.

ती कादंबरी चांगली जाडजूड होती. दिवाळीनंतर सुरू केली ती संक्रांत आली तरी चालूच. वत्सला नदीकाठच्या गावातल्या मास्तरांची मुलगी, केशव नावाड्याचा मुलगा. मास्तरांचा विरोध, गावाचा विरोध, केशव कामासाठी मिरजेला गेलेला, आणि तो नसताना ही पोरगी आपली आपण नाव वल्हवायला शिकलेली. सोप्यात दुसरं बोलणं राहिलं नाही. वत्सलाच्या लग्नात साडी कुठली घ्यायची यावरून मालुबाई आणि स्वरूपा यांची खडाजंगी झाली. मालुबाईच्या मते शहापूरची साडीच हवी, स्वरूपाला काहीतरी हलकं, फिकट हवं होतं. जयाबाई म्हणाली, "आदी लगीन तर ठरू द्या गं." त्यावर दोघीही तिच्यावर उखडल्या.

अंजनीनं शेवटचं प्रकरण चुलीपुढं बसून वाचलं. दूध उतू गेलं. शामू जेवायला आला तर बायको डोळ्याला पदर लावून बसलेली.

तो दारातच थांबला. "कोण गेलं?"

"वत्सला."

"कुठली? तुमच्या माहेरची, बेनाडीची?"

"न्हाय ओ. पुस्तकातली. पुरात बुडाली."

शामूनं तिच्याकडं बघितलं, उतू गेलेल्या दुधाकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "मग... जेवायला वाढणार न्हवं?"

दुसऱ्या दिवशी बायका वेळेच्या आधीच येऊन बसल्या. मालुबाईनं येताना अंजनीसाठी घसा शेकायला आल्याचा काढा आणला होता, शेवट नीट वाचता यावा म्हणून. अंजनीनं पुस्तक उघडलं. पूर आला, नाव मधोमध गेली, वल्हं निसटलं. सोप्यात कुणाचाच हात हलेना. नाव उलटली. पुढचं वाक्य डोळ्यांसमोर छापलेलं होतं, पण ते ओठांवर येईना. तिघींचे डोळे तिच्या तोंडाला चिकटलेले.

"तेवढ्यात," अंजनी म्हणाली, "तेवढ्यात वत्सलाच्या हाताला वडाची पारंबी लागली."

"लागली!" जयाबाई ओरडली.

एकदा पारंबी लागल्यावर मग काय! केशव काठावर आला, त्यानं पाण्यात उडी घेतली, तिला ओढून काढली. मास्तरांनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. पुढच्याच मंगळवारी लग्न. अंजनी पुस्तकाकडं बघत होती आणि पानं उलटत होती, पण मांडव घालत होती ती स्वतःच. आहेर मांडले, पंगती उठवल्या, वत्सलाला शहापूरची साडी नेसवली आणि स्वरूपाला वाईट वाटू नये म्हणून तिच्या करवलीला फिकी नेसवली. "लग्नाला वाजंत्री कुणाची हुती?" असं मालुबाईनं विचारल्यावर तिनं पान मागं उलटून बघितल्यासारखं केलं आणि कोल्हापूरची वाजंत्री आणली. संपलं तेव्हा तिला घाम फुटला होता आणि डोकं असं हलकं झालं होतं की धरलं नसतं तर आढ्याला जाऊन लागलं असतं. मालुबाईनं त्याच संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. लग्न कुणाचं म्हणून विचारलं तर सांगायची, "आमच्या वत्सलाचं."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण एक दिवस मालुबाई बाजारातून आली ती पदर सावरत, धापा टाकत.

"अंजने, बेळगावला जायाचं. तुझा ग्रंथपाल भेटलता. तिथं वाचकांचा मेळावा हाय. आवडल्याल्या पुस्तकाबद्दल ज्येनं त्येनं उठून मत सांगायचं. मी माझं नाव दिऊन आले."

अंजनीनं सावधपणे विचारलं, "कुठल्या पुस्तकाबद्दल?"

"ह्ये काय इचारणं झालं? वत्सला!"

अंजनीनं काय काय करून बघितलं. बेळगाव लांब आहे म्हणाली. "लांब आसू दे, आपल्या कर्नाटकात बायकांना बस फुकट हाय." अंगठा दुखतोय म्हणाली. "अंगठ्यानं चालतीस काय?" शेवटी तिनं सुचवलं, "आक्का, देवमाशावर बोल की. लोकांना नवीन वाटंल."

"खोट्या पुस्तकावर मी कशाला बोलू?" मालुबाई म्हणाली.

ठरल्या दिवशी चौघी ठेवणीतल्या साड्या नेसून स्टँडवर हजर. कंडक्टरनं कन्नडमध्ये आधार कार्ड मागितलं, "आधार तोरसरी," आणि स्वरूपानं सगळ्यांची कार्डं एकदम त्याच्यापुढं पंख्यासारखी धरली. शून्य रुपयाचं तिकीट हातात पडल्यावर मालुबाई ते उलटंपालटं करून बघत राहिली. मग संकेश्वरपर्यंत तिनं आपल्या भाषणाची तालीम केली, खणखणीत आवाजात. पुढच्या सीटवरच्या दोन बायका मागं वळून बसल्या. हत्तरगी येईपर्यंत त्यांनाही वत्सलाचं लग्न पाठ झालं. अंजनी खिडकीतून बाहेर बघत होती. बस पंक्चर व्हावी म्हणून तिनं येतील तेवढे देव आठवले, पण त्या दिवशी कर्नाटक सरकारची बस अशी काही धावली की वेळेच्या आधी बेळगावात.

मेळाव्याला अवकाश होता म्हणून चौघी खडेबाजारात शिरल्या. स्वरूपानं बांगड्या भरल्या. मालुबाई एका मिठाईच्या दुकानापुढं थबकली. "मोकळ्या हातानं कसं जायचं? लग्नाचं सांगणार आन् त्वांड गोड न्हाय करायचं?" आणि तिनं कुंदा घेतला, चांगला दोन मोठे डबे भरून. अंजनी म्हणाली, "आक्का, नको गं." मालुबाई म्हणाली, "तू गप. तुला काय कळतंय? तू नुसती वाचणारी."

मेळावा एका वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. संयोजक नागराज सर, निवृत्त मास्तर, प्रत्येकाला हात जोडून खुर्चीवर बसवत होते. पहिल्यांदा नंदगडहून आलेला जोतिबा नावाचा शेतकरी गांडुळांवरच्या पुस्तकाबद्दल बोलला, आणि इतक्या मायेनं बोलला की गांडुळं त्याच्या पाव्हण्यांतली असावीत. तेजस्वी नावाची कॉलेजातली मुलगी म्हणाली, तिनं एका राजाचं चरित्र वाचलं आणि तिला राजापेक्षा त्याचा घोडा आवडला. हॉल हसत होता, चांगला रंगात आला होता. मग नागराज सरांनी नाव पुकारलं.

मालुबाईनं माइक दोन्ही हातांनी धरला. "मंडळी, माझं नाव मालुबाई. मला लिवाय-वाचाय येत न्हाय. पर मत हाय."

टाळ्या पडल्या. मालुबाईला चेव आला.

"लिवणाऱ्यांची एक खोड असती. चांगली बाई दिसली की तिला शेवटाला मारायची. ह्यो लिवणारा तसला न्हाय. ह्येला लाज हाय. पुरात नाव उलटली, मी म्हटलं, आता हिला मारतंय बघ. पर न्हाय! पोरीनं पारंबी धरली. केशवानं तिला वर काढली. आन् पुढच्या मंगळवारी लगीन! मी लई लग्नं बघितली, पर असं लगीन बघितलं न्हाय. वाजंत्री कोल्हापूरची. म्हणून आज आमी त्या लग्नाचा कुंदा आणलाय. कुणी न्हाय म्हणायचं न्हाय."

जयाबाई आणि स्वरूपा डबे घेऊन रांगांतून वाढत निघाल्यासुद्धा. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक उंच गृहस्थ उठले. अंबाजीराव. बँकेतून निवृत्त झालेले, पिरनवाडीहून खास मेळाव्यासाठी आलेले, नीट इस्त्रीचा सदरा घातलेले. त्यांच्या हातात कागदावरचा कुंदा होता.

"माफ करा बाई," ते म्हणाले. "वत्सला बुडते."

"कोण बुडतंय?"

"वत्सला. शेवटच्या प्रकरणात. मी ती कादंबरी तीनदा वाचली आहे."

मालुबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "अण्णा, तुमच्या पुस्तकाची शेवटची पानं फाटली आसतील."

"अहो, पुस्तकात लग्नच नाही!"

"मग आमी पेढे कशाचं खाल्लं?"

हॉलमध्ये एकच गलका झाला. कुणी म्हणालं बुडते, कुणी म्हणालं आठवत नाही, जोतिबा म्हणाला निवाडा करा. नागराज सरांनी कपाटातून पुस्तक काढून आणलं आणि मालुबाईपुढं धरलं. मालुबाईनं ते स्वरूपाच्या हातात दिलं. "वाच गं. दाव त्यांना लगीन."

स्वरूपाची सगळी शाळा कन्नडमधून. ही अक्षरं तिला हिंदीच्या तासापुरती माहीत. ती बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. नाव उलटली. सगळा हॉल तिच्या बोटामागून चालला होता. पारंबीची जागा आली, आणि तिथं पारंबी नव्हती.

"पा...णी ओस...रल्यावर," स्वरूपा वाचत होती, "काठा...वर फ...क्त तिची ए...क वहाण सा...पडली."

तिनं पान उलटलं. पुढं कोरं होतं. जयाबाई दोन रांगांच्या मध्ये डबा हातात धरून उभी होती, तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मालुबाई हळूहळू वळली.

"अंजने."

अंजनी उठली. पळून जावं तर दार लांब. "व्हय आक्का," ती म्हणाली. "मी वाचवली तिला."

अंबाजीरावांचा संतापलेला आवाज आला, "अहो, वाचायची होती! वाचवायची नव्हती!"

आणि हॉल फुटला. लोक पोट धरून हसत होते. तेजस्वी खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "काकू, ते लग्न आम्हाला सांगा की!" नागराज सरांनी डोळे पुसत माइक अंजनीपुढं आणला. ती नाही नाही म्हणत होती, पण जीभ कुठली ऐकते? तिनं पुन्हा पूर आणला, पुन्हा पारंबी धरवली. मांडवापर्यंत आली तेव्हा तिच्या अंगात असं काही संचारलं होतं की तिनं नवरदेवाची घोडीच उधळवली, जी पहिल्या लग्नात नव्हती. "केशव तर मिरजेला असतो!" अंबाजीराव मध्येच ओरडले. "पाचव्या प्रकरणात गेलाय तो!"

"परत आला की," अंजनी म्हणाली. "पहाटंच्या बसनं."

"पण त्या काळी बस नव्हती!"

"मग चालत आला. म्हणून तर काठावर पोचायला उशीर झाला."

टाळ्यांनी खिडक्या हलल्या. कुंदा कुणी दोनदा घेतला, कुणी तीनदा. पण सगळे निघाले तेव्हा अंबाजीराव अंजनीजवळ आले. त्यांच्या कागदावरचा कुंदा तसाच होता.

"तुम्ही छान सांगता," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ती बुडाली तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. ते पुस्तक तसं होतं म्हणून मला रडता आलं. तुम्ही ते यांना वाचूच दिलं नाहीत."

अंजनीनं नुसती मान हलवली. मघापासून डोक्यात घुमणारा वाजंत्रीचा आवाज खाली खाली गेला.

परतीच्या बसमध्ये मालुबाई तिच्याशेजारी बसली, पण तोंड पलीकडं करून. काकती गेलं, हत्तरगी गेलं. जयाबाई मागं नाक ओढत होती. अंजनीनं दोनदा "आक्का" म्हटलं, पण मालुबाई दगड होऊन बसली होती. संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मालुबाई समोर बघतच म्हणाली,

"खून कुणी केलता?"

"आँ?"

"त्या बंगल्यातला. खरं सांग."

अंजनीनं डोळे मिटले. "स्वयंपाकीणबाईनं."

मागून जयाबाईची किंकाळी आली. "न्हाय गं बाई!"

"म्हंजे त्यो भाचा..."

"त्यो बिचारा चांगला हुता."

मालुबाईनं श्वास घेतला. "आन् चहा?"

अंजनी खिडकीबाहेर बघू लागली.

"चहा, अंजने!"

"सोडावा."

"बशीत?"

"न्हाय आक्का. नुसताच सोडावा."

स्वरूपानं पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी तिचं हसू बाहेर आलं. मालुबाई ताठ बसली. काहीतरी मनात जुळवत होती. मग तिनं अंजनीचं मनगट धरलं.

"थांब. म्हंजे सगळ्यांत खरं पुस्तक कुठलं? देवमासा?"

"देवमासा खरा."

"काळीज मोटारीएवढं?"

"जसं छापलंय तसंच वाचलं, आक्का. एक अक्षर न्हाय बदललं."

"आन् त्याला मी खोटं म्हटलं!" मालुबाईनं कपाळावर हात मारला. "आन् लबाडीचा मी कुंदा वाटला! बेळगावात! माइकवरनं!" आणि ती हसायला लागली. मालुबाईचं हसू म्हणजे गिरणीचा पट्टा सुरू व्हावा तसं, आधी धडधड आणि मग थांबता थांबेना. अंजनीला फुटलं, जयाबाईला रडता रडता फुटलं. कंडक्टर "एनाय्तरी?", काय झालं, म्हणून विचारायला आला. स्वरूपानं त्याला कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं, तर तोही दांडा धरून हसायला लागला. वर त्यानं स्वतःचं मत दिलं की बाई बुडायला नको होती.

पण मालुबाई सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सोप्यात येऊन बसल्याबरोबर तिनं फर्मान काढलं. वत्सला पहिल्यापासून पुन्हा वाचायची, जशी छापली आहे तशी. स्वरूपानं शेजारी बसून पानावर नजर ठेवायची. अंजनीनं एक शब्द पुढंमागं केला की स्वरूपानं तिला कोपर मारायचं. पहिल्या आठवड्यात अंजनीची बरगडी दुखून आली. नंतर नंतर कोपर कमी झालं आणि स्वरूपाचं बोट वाचणाऱ्या आवाजाच्याही पुढं धावायला लागलं. कधी अंजनीचा घसा बसला तर ती आपण होऊन एखादं पान वाचायची, अडखळत, पण नेटानं.

नदीचं पान पुन्हा आलं, तेव्हा उन्हं तापायला लागली होती. अंजनीनं ते छापल्याप्रमाणं वाचलं. पाणी ओसरलं, काठावर वहाण सापडली. पुस्तक मिटलं. जयाबाईनं रडून घेतलं, मग म्हणाली, "माझी धाकटी बहीण अशीच गेली. विहिरीत. मी कुणाला कधी बोलले न्हाय." आणि ती बोलायला लागली. त्या दुपारी तिनं बहिणीचं नाव, तिच्या वेण्या, तिची खोड्या काढायची सवय, सगळं सांगितलं. हात थांबवून सगळ्यांनी ऐकलं. अंजनीला बेळगावच्या त्या हॉलमधला, कुंद्याचा कागद हातात धरून उभा राहिलेला माणूस आठवला. त्याचं म्हणणं तिला आत्ता कुठं कळलं.

"लिवणाऱ्याचं बी बराबर हाय म्हणायचं," मालुबाई शेवटी म्हणाली. नाक पुसलं. मग अंजनीकडं वळली. "आता तुझं सांग."

"माझं? आक्का, आत्ताच तर तू..."

"त्येचं ऐकलं. आता तुझं ऐकायचं. आमच्या वत्सलाला आमी जेवू घातलंय. ती काय मरती व्हय? पर आता आम्हाला म्हाईत हाय कुठलं कुणाचं. घोडी उधळती त्ये बी सांग. बेळगावात सांगितलंस, आमाला न्हाय सांगितलंस आदी."

तेव्हापासून सोप्यात हीच रीत पडली. आधी छापलेलं, मग अंजनीचं, आणि दोन्हींवर मतं. ग्रंथपालांना हे कळल्यावर ते एका दुपारी येऊन दाराशी बसले आणि चहा निवून गेला तरी उठले नाहीत. चहाचं म्हणाल तर मालुबाईनं तो सोडला नाही. तिचं म्हणणं, ते डॉक्टरांचं मत आहे, आणि मत प्रत्येकाला असतं.

परवा ज्वालामुखीवरचं पुस्तक आलं. अंजनीनं पहिलं पान उघडलं, तर मालुबाई म्हणाली, "थांब. डोंगरातनं इस्तू येतोय, ह्ये छापल्यालं हाय का तुझं?"

"छापल्यालं हाय आक्का. चित्र बी हाय, बघ."

मालुबाईनं चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. स्वरूपानंही मान वाकवून खालच्या ओळी वाचल्या आणि होकार दिला.

"बरं," मालुबाई म्हणाली आणि विडीचं पान उचललं. "वाच. पर त्या डोंगराच्या पायथ्याला कोण बायाबापड्या ऱ्हातात, त्येंचं आदी सांग."